ट्रंकिंग वॉकी-टॉकी: बटन दाबल्यावर आत काय होतं आणि सिस्टिम आखायची कशी

ट्रंकिंगचे सेट, म्हणजे असे वॉकी-टॉकी की ज्यांत सगळे मिळून मोजक्याच फ्रिक्वेन्सी वापरतात आणि कोणाला कधी कुठली हे कॉम्प्युटर ठरवतो, नवीन आले की पहिल्या आठवड्यात एक तक्रार हमखास येते, "पहिला शब्द कापला जातो". मी एका प्लांटवर होतो तेव्हाची गोष्ट, टँकर आत येत होता आणि सुपरवायझरने बटन दाबल्या दाबल्या घाईघाईत सांगितलं "नका सोडू गाडी", आणि गेटवर पोचलं फक्त "सोडू गाडी". गेटवाल्याला वाटलं साहेब विचारतायत, तो म्हणाला "हो सर, सोडली". नशीब टँकर रिकामा होता. नंतर सगळ्यांनी मिळून सेटला शिव्या घातल्या, पण सेट एकदम ठीक होता, बोलणाऱ्याला फक्त एवढंच कोणी सांगितलं नव्हतं की बाबा, साध्या वॉकीत बटन दाबलं की तू हवेवर असतोस, इथे बटन दाबलं की तू अजून रांगेत असतोस.

हा फरक डोक्यात बसला की ट्रंकिंगचं बाकी सगळं सोपं आहे, आणि नाही बसला तर कितीही महागडी सिस्टिम घ्या, लोकं ती वॉकीसारखीच वापरणार आणि वैतागणार. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, ज्यांच्या हातात असा सेट आलाय त्यांच्यासाठी आणि ज्यांना ऑफिसात "आपल्याला किती चॅनेल लागतील ते काढून दे" असं सांगितलंय त्यांच्यासाठी पण.

आधी जुनी पद्धत बघू. समजा तुमच्याकडे सात फ्रिक्वेन्सी आहेत आणि सात डिपार्टमेंट. सिक्युरिटीला एक, मेंटेनन्सला एक, फायरला एक, असं वाटून टाकलं. आता सकाळी शिफ्ट बदलताना सिक्युरिटीचा चॅनेल तुंबतो, एक बोलतोय दुसरा मधेच बटन दाबतोय, नुसता चिवचिवाट, आणि त्याच वेळी फायरचा चॅनेल शांत पडलाय, त्यावर दिवसभरात कोणी बोललेलं नाही. पण सिक्युरिटीवाला तो वापरू शकत नाही कारण तो "त्यांचा" आहे. स्टेशनवर तिकिटाच्या सात खिडक्या आणि प्रत्येकीसमोर वेगळी रांग असते ना, आणि आपण नेमके त्या रांगेत असतो जिथे पुढचा माणूस पास काढायला कागदपत्रं शोधत बसलाय, तसं.

ट्रंकिंगमध्ये रांग एकच. जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढचा माणूस. कोणतीही फ्रिक्वेन्सी कोणाचीच नाही, सगळ्या एका ढिगात, आणि एक कंट्रोलर बसलाय तो दर कॉलला ठरवतो की हा कॉल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जाईल. कॉल संपला की ती परत ढिगात.

नावातला "ट्रंक" पण तोच, आपला ट्रंक कॉलवाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मुंबईहून नागपूरला बोलायचं तर एक्स्चेंजला फोन करून कॉल बुक करायचा, दोन गावांमधल्या लाइनी मोजक्याच आणि सगळ्या गावात मिळून त्याच वापरायच्या, लाइन मोकळी झाली की ऑपरेटर तुम्हाला परत फोन करणार. घाई असेल तर जास्त पैसे देऊन अर्जंट कॉल, अगदीच जीवावरचं असेल तर लाइटनिंग कॉल. आपल्याकडे १९६० मध्ये कानपूर ते लखनौ एसटीडी सुरू झाली आणि मग हळूहळू हा प्रकार मागे पडत गेला. पण गंमत बघा, रांग, परत बोलावणं, अर्जंट, लाइटनिंग, हे चारही प्रकार आजच्या ट्रंकिंग रेडिओत जसेच्या तसे आहेत, फक्त ऑपरेटरच्या जागी कॉम्प्युटर बसलाय आणि तासाभराच्या जागी सेकंद आलेत.

सेट चालू केल्यापासून काय होतं

सेट ऑन करा. स्क्रीनवर काहीतरी शोधतोय असं दिसेल. तो कंट्रोल चॅनेल शोधतोय. ढिगातल्या फ्रिक्वेन्सींपैकी एक, किंवा डिजिटलमध्ये एक टाइमस्लॉट (एकाच फ्रिक्वेन्सीवरचा, आळीपाळीने मिळणारा वेळेचा तुकडा), बोलण्यासाठी वापरतच नाहीत, त्यावर चोवीस तास फक्त डेटा चालू असतो. जुन्या अॅनालॉग सिस्टिमवर, म्हणजे ब्रिटनमध्ये १९८८ साली आलेल्या एमपीटी १३२७ वर, हा डेटा सेकंदाला १२०० बिटचा, १२०० आणि १८०० हर्ट्झ अशा दोन सुरांत, साध्या सेटवर ऐकलंत तर मिक्सर अडकल्यासारखा सतत घरघर आवाज. कोणी नवखा माणूस तो ऐकून "इंटरफिअरन्स आहे" म्हणून रिपोर्ट करतो. तो कंट्रोल चॅनेल आहे, त्याला हात लावू नका.

कंट्रोल चॅनेल सापडला की सेट स्वतःची ओळख सांगतो, मी अमुक नंबरचा सेट आणि मी सध्या अमुक ग्रुपवर आहे. कंट्रोलर आपल्या यादीत बघतो, हा नंबर आपला आहे का, बंद केलेला नाही ना, या ग्रुपची परवानगी आहे का, आणि मग हो म्हणतो. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. तुम्ही नॉब फिरवून ग्रुप बदललात की सेट पुन्हा हळूच सांगतो, आता मी तिकडे गेलो. म्हणजे तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत तरी सिस्टिमला माहितीय तुम्ही कुठल्या साइटवर (म्हणजे कुठल्या टॉवरच्या हद्दीत), कुठल्या ग्रुपवर आहात. याचा उपयोग आणि त्रास दोन्ही पुढे येईल.

इथे एक शब्द नीट समजून घ्या, टॉकग्रुप. लोकं सवयीने त्याला चॅनेल म्हणतात, "चॅनेल तीनवर ये". पण नॉबवरचा तीन नंबर म्हणजे फ्रिक्वेन्सी नाही, ती फक्त माणसांची एक यादी आहे. व्हॉट्सअॅप ग्रुप जसा असतो तसं, तो कुठल्या केबलमधून जातो याच्याशी तुमचं काही देणंघेणं नसतं. सकाळी मेंटेनन्स ग्रुपचा कॉल पाच नंबरच्या फ्रिक्वेन्सीवर गेला असेल, दहा सेकंदांनी त्याच ग्रुपचं उत्तर दोन नंबरवरून आलं असेल, तुम्हाला कळणार पण नाही.

आता बटन दाबा. सेट लगेच तुमचा आवाज पाठवत नाही. तो कंट्रोल चॅनेलवर एक छोटासा डेटाचा तुकडा फेकतो, "मी अमुक, मला माझ्या ग्रुपशी बोलायचंय". आता प्रश्न असा की त्याच क्षणी दुसऱ्या कोणी पण बटन दाबलं तर? दोन तुकडे हवेत एकमेकांवर आदळणार आणि कंट्रोलरला काहीच कळणार नाही. यावरचा उपाय हवाईचा आहे, नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या टीमने हवाई विद्यापीठात १९७१ साली अलोहानेट चालू केलं, बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडायला, आणि नियम एकदम साधा, पाठवून द्या, उत्तर नाही आलं तर थोडा वेळ थांबून परत पाठवा, आणि तो थोडा वेळ प्रत्येकाने आपापला वेगळा, चिठ्ठी काढल्यासारखा ठरवायचा म्हणजे परत दोघं एकत्र आदळणार नाहीत. ट्रंकिंगमध्ये याचीच सुधारलेली आवृत्ती चालते, मनात येईल तेव्हा नाही पाठवायचं, ठरलेल्या खाचांमध्येच पाठवायचं. एमपीटी १३२७ मध्ये कंट्रोलर जो संदेश पाठवून "या, आता विनंत्या पाठवा" असं सांगतो त्याचं नावच अलोहा आहे. आणि एखाद्या सेटला हाक मारायच्या संदेशाचं नाव अहॉय, बोटीवरच्या खलाशांसारखं. ज्याने हे लिहिलं तो माणूस मजेशीर असणार.

विनंती पोचली की कंट्रोलर मोकळी फ्रिक्वेन्सी बघतो आणि कंट्रोल चॅनेलवर ओरडून सांगतो, अमुक ग्रुपवाले सगळे पाच नंबरवर या. त्या ग्रुपचे सगळे सेट, ते कंट्रोल चॅनेलच ऐकत बसलेले असतात, एकदम तिकडे उडी मारतात. तुमचा सेट पण उडी मारतो आणि तुम्हाला "टि-टि-टिट" असा बीप देतो. आता बोला. हे सगळं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत, टेट्रामध्ये (हा डिजिटल ट्रंकिंगचा एक प्रकार, पुढे येईल) तर ३०० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे "नका" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. तो "नका" तिथेच मेला.

म्हणून पहिला नियम: दाबा, बीप ऐका, मग बोला. ट्रेनिंगमध्ये मी लोकांना दहा वेळा नुसतं दाबून बीप ऐकायला लावतो, बोलू देतच नाही. लोकं हसतात पण सवय लागते. आणि बीपचा आवाज कोणी कटकट होते म्हणून प्रोग्रॅमिंगमध्ये बंद करायला सांगितला तर करू नका, हात जोडून सांगतो.

तुम्ही बटन सोडलंत की काय होतं ते सिस्टिमच्या सेटिंगवर आहे. काही ठिकाणी लगेच फ्रिक्वेन्सी परत ढिगात जाते आणि समोरच्याच्या उत्तराला नवीन मिळते, यात चॅनेलचा वापर एकदम काटकसरीने होतो, पण गर्दीच्या वेळी प्रश्न गेला आणि उत्तर रांगेत अडकलं असं होऊ शकतं. काही ठिकाणी सोडल्यावर दोन-चार सेकंद ती तुमच्या ग्रुपसाठी धरून ठेवतात म्हणजे संभाषण तुटत नाही. ही वेळ ठेवताना हात आखडता घ्या. मी एका ठिकाणी ती दहा सेकंद ठेवलेली पाहिली, "ओके" एवढं बोलायला एक सेकंद आणि चॅनेल अडकून दहा सेकंद, आणि मग म्हणे चॅनेल कमी पडतायत.

कॉल चालू असताना कोणी लिफ्टमधून बाहेर आला किंवा सेट आत्ताच ऑन केला तर? कंट्रोलर तो कॉल कुठे चालू आहे हे मधून मधून परत परत सांगत राहतो, उशिरा आलेला सेट ते ऐकतो आणि मधूनच सामील होतो. त्यामुळे अर्धं वाक्य ऐकून गैरसमज होऊ शकतो, महत्त्वाचा निरोप दोनदा सांगायची जुनी वायरलेसवाल्यांची सवय इथे पण सोडू नका.

किती चॅनेल लागतील, हिशेब करून बघू

हा भाग लोकं टाळतात आणि डीलर सांगेल तेवढे घेतात. डीलर बिचारा कमी कशाला सांगेल.

याचं गणित एका डॅनिश माणसाने घालून दिलंय, अॅग्नर एर्लांग, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, १९०९ आणि १९१७ मधले त्याचे लेख आजही कामाला येतात आणि लोड मोजायच्या एककाला त्याचंच नाव आहे. एक एर्लांग म्हणजे एक चॅनेल तासभर सलग व्यापलेला.

समजा ३०० सेट आहेत. सगळ्यात गर्दीच्या तासात, शिफ्ट बदलताना समजा, प्रत्येक सेटवरून सरासरी २ कॉल होतात आणि प्रत्येक कॉल, धरून ठेवलेला वेळ मिळवून, २० सेकंद चालतो. ३०० गुणिले २ गुणिले २०, झाले १२,००० सेकंद. तासाचे ३,६०० सेकंद, भागा, साधारण ३.३३ एर्लांग.

३.३३ आला म्हणजे चार चॅनेल बास, असं वाटतं ना? इथेच फसतात. कॉल काही रांगेत शिस्तीने एकामागे एक येत नाहीत, कधी दोन मिनिटं शांतता आणि कधी सहा जण एकदम. एर्लांगच्या रांगेच्या सूत्रात टाकलं तर असं येतं: बोलायचे ५ चॅनेल ठेवले तर शंभरातल्या ३३ कॉलना थांबावं लागेल, आणि ज्यांना थांबावं लागेल ते सरासरी १२ सेकंद थांबतील. ६ ठेवले तर १५ कॉलना थांबावं लागेल, साडेसात सेकंद. ७ ठेवले तर फक्त ६ कॉलना, साडेपाच सेकंदाच्या आसपास. पाचाचे सात केले, दोनच वाढवले, आणि ३३ चे ६ झाले. ही जागा बजेटवाल्या साहेबांना दाखवायची.

आणि आता याच सात फ्रिक्वेन्सी जुन्या पद्धतीने सात डिपार्टमेंटला वाटून बघा, लोड पण अगदी सारखा वाटला गेलाय असं धरू, जो प्रत्यक्षात कधीच वाटला जात नाही. तेवढाच लोड, तेवढेच चॅनेल, आणि शंभरातल्या जवळपास ४८ कॉलना थांबावं लागतं, आणि थांबणारे सरासरी ३८ सेकंद थांबतात. ६ विरुद्ध ४८. मी पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, परत केला, तेच आलं. ट्रंकिंगचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे या प्रश्नाचं उत्तर हे आहे, बाकी ब्रोशरमधलं सगळं सोडून द्या.

अर्थात हा हिशेब कागदावरचा आहे, यात धरलंय की कॉल कधीही कसेही येतात. आग लागली, सायरन वाजला की कॉल कसेही येत नाहीत, सगळे एकदम येतात. अशा वेळी कितीही चॅनेल असले तरी रांग लागणारच, तिथे चॅनेल वाढवून नाही, प्रायॉरिटी नीट लावून काम होतं, ते पुढे सांगतो.

टेट्रात हा हिशेब कसा बसतो बघा. टेट्रा म्हणजे युरोपात १९९५ च्या सुमारास आलेलं डिजिटल स्टँडर्ड, दिल्ली मेट्रोची ट्रेन रेडिओ त्यावर आहे, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थ गेम्सला पण टेट्राच वापरलं होतं. त्यात एक २५ किलोहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे एक फ्रिक्वेन्सी, घेतला की वेळेचे चार तुकडे करून त्यावर चार स्लॉट मिळतात. पहिला स्लॉट कंट्रोल चॅनेलला जातो. म्हणजे एका कॅरियरवर बोलायला तीनच. आपला लोड ३.३३, तीन चॅनेलवर तो मावतच नाही, रांग वाढतच जाणार. दोन कॅरियर घेतले तर आठ स्लॉट, त्यातला एक कंट्रोलला, उरले सात. म्हणजे आपलं वरचं उदाहरण बरोबर दोन कॅरियरचं काम आहे.

टॉकग्रुप करताना

चॅनेल वाटायचे नाहीत, मग ग्रुप कितीही करता येतात, आणि तिथेच माणूस वाहवत जातो. प्रत्येक साहेबाला आपला ग्रुप हवा असतो. एका ठिकाणी १२० सेट आणि ८० च्या वर ग्रुप होते, आणि नॉब फिरवता फिरवता लोकं कुठल्यातरी ओसाड ग्रुपवर जाऊन बसायची आणि म्हणायची सेट वाजतच नाही. ग्रुप खुर्चीप्रमाणे करू नका, कामाप्रमाणे करा. रोज जी माणसं एकमेकांशी बोलतात त्यांचा एक ग्रुप. मग एखाद-दोन सामायिक ग्रुप, अडचणीच्या वेळी सगळ्या डिपार्टमेंटनी जायला. आणि ते नॉबवर सगळ्यांच्या सेटवर एकाच जागी ठेवा, म्हणजे अंधारात सुद्धा हाताने शेवटपर्यंत फिरवलं की माणूस बरोबर तिथे पोचला पाहिजे.

ग्रुप कॉलची एक मोठी सोय समजून घ्या. एका साइटवर ग्रुपमध्ये दोन माणसं असोत की दोनशे, चॅनेल एकच लागतो. मोबाइलवर पन्नास जणांना एकत्र जोडायचं तर पन्नास कनेक्शन, इथे एक. गर्दीच्या जागी मोबाइल बसतो आणि वायरलेस चालत राहतं त्याचं एक कारण हे पण आहे.

पण "एका साइटवर" हे शब्द महत्त्वाचे. दोन-तीन टॉवरची सिस्टिम असेल तर ज्या ज्या साइटवर त्या ग्रुपचा एक जरी सेट रजिस्टर आहे तिथे तिथे एक चॅनेल अडकतो. आमच्याकडे एका लहान साइटवर संध्याकाळी सारखं बिझी यायला लागलं, तिथे माणसं तर मोजकीच. चार दिवस डोकं लावलं, अँटेना तपासली, केबल बदलली. शेवटी रजिस्ट्रेशनची यादी काढली तर मुख्य प्लांटच्या मेंटेनन्स ग्रुपचा एक सेट त्या साइटवर दिसत होता. एक साहेब त्या टेकडीकडे राहायला, सेट घरी नेऊन चार्जिंगला लावायचे, चालूच ठेवून. त्यांच्या टेबलावर पडलेल्या एका सेटसाठी मेंटेनन्सचा प्रत्येक कॉल त्या बिचाऱ्या तीन चॅनेलच्या साइटवर जात होता. त्यामुळे कुठला ग्रुप कुठल्या साइटवर चालेल हे प्रोग्रॅमिंगमध्येच बांधून टाका, आणि बिझीची तक्रार आली की केबल उपटायच्या आधी रजिस्ट्रेशनची यादी बघा.

बिझी, लाइटनिंग कॉल आणि नारिंगी बटन

सगळे चॅनेल भरलेले असताना दाबलंत तर एक जाडा "बूं" किंवा कण्हल्यासारखा आवाज येतो. अर्थ असा की तुम्हाला रांगेत घेतलंय. बटन सोडा, परत परत दाबू नका, जागा झाली की सेट स्वतः बीप देऊन बोलावतो आणि मग काही सेकंदांत तुम्हाला बटन दाबायचं असतं. लोकं काय करतात, बूं वाजला की वैतागून दहा वेळा दाबतात, आणि जेव्हा बोलावणं येतं तेव्हा सेट खिशात. रांगेच्या बूंमधला आणि "रेंज नाही" किंवा "परवानगी नाही" च्या आवाजातला फरक प्रत्येक कंपनीच्या सेटवर वेगळा असतो, तो एकदा कानाने ओळखायला शिका, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

रांगेत सगळे सारखे नसतात. प्रत्येक ग्रुपला आणि सेटला प्रायॉरिटी देता येते, म्हणजे फायरचा कॉल कँटीनच्या आधी. मला इथे एकच सांगायचंय, सगळ्यांना वरची प्रायॉरिटी दिलीत तर कोणालाच दिली नाही. आमच्या एका ग्राहकाने सगळ्या मॅनेजरांना सगळ्यात वरची मागितली होती, फायर त्यांच्या खाली. ते लेखी द्या म्हटल्यावर मागणी मागे घेतली.

आणि सेटच्या डोक्यावरचं नारिंगी बटन म्हणजे लाइटनिंग कॉल. तो रांगेत थांबत नाही, आणि तसं सेट केलं असेल तर चालू असलेला एखादा साधा कॉल तोडून त्याची जागा घेतो. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर नंबर लाल होतो, काही सेट तर माईक आपोआप उघडतात म्हणजे पडलेल्या माणसाला काही दाबावं लागत नाही. खाली वाकल्यावर पट्ट्यात दाबलं जाऊन खोटे अलार्म येतात, म्हणून ते एक-दोन सेकंद धरून ठेवल्यावरच चालेल असं ठेवा, पण बंद करू नका. महिन्यातून एकदा प्रत्येक सेटवरून दाबून बघायचं, सांगून.

सिस्टिम पडली तर

कंट्रोलरवर सगळं अवलंबून आहे म्हणजे तो बसला की काय, हा प्रश्न विकत घ्यायच्या आधी विचारा. चांगल्या सिस्टिममध्ये साइटची मुख्य स्विचशी, म्हणजे सगळ्या साइट जोडणाऱ्या मधल्या कॉम्प्युटरशी, असलेली लाइन तुटली तरी ती साइट एकटी चालत राहते, तिथली माणसं एकमेकांशी बोलू शकतात, दुसऱ्या साइटशी नाही. तेव्हा स्क्रीनवर एक छोटी खूण येते आणि कोणी ती बघत नाही, आणि समोरचा उत्तर का देत नाही म्हणून ओरडत बसतात. त्याच्याही खाली गेलं, टॉवरच पडला, तर टेट्रात डायरेक्ट मोड असतो, सेट ते सेट, टॉवरशिवाय, साध्या वॉकीसारखं. पण तो सेट स्वतःहून त्यात जाईल असं गृहीत धरू नका, बहुतेक ठिकाणी हाताने बदलावं लागतं आणि सगळ्यांनी एकाच डायरेक्ट चॅनेलवर जावं लागतं. कुठल्या, ते सेटच्या पाठीमागे स्टिकर लावून लिहा.

अजून एक, हातातला टेट्रा सेट साधारण एक वॉटचा असतो, टॉवर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं पण तुमचं टॉवरला पोचत नाही असं तळघरात हमखास होतं. स्क्रीनवर कांड्या भरपूर आणि कॉल लागत नाही, कारण कांड्या फक्त येणारा सिग्नल दाखवतात. बाकी रेंजचं म्हणाल तर टेट्रात टाइमस्लॉटच्या हिशेबामुळे ५८ किलोमीटर ही कागदावरची सीमा आहे, सपाट मैदानात. आपल्या घाटात त्या आकड्याला काही अर्थ नाही.

कुठली सिस्टिम घ्यायची यावर मी फार बोलणार नाही, लोकं त्यावर भांडतात. थोडक्यात, मोठ्या गजबजलेल्या जागी, मेट्रो, विमानतळ, तिथे टेट्रा. मोठा पसरलेला भाग आणि कमी माणसं असतील तर डीएमआर टियर ३ हे दुसरं डिजिटल स्टँडर्ड स्वस्तात पडतं, त्यात १२.५ किलोहर्ट्झमध्ये दोन स्लॉट. अमेरिकेतल्या पोलिसांकडे पी-२५ हे तिकडचं डिजिटल स्टँडर्ड, ते काम १९८९ ला सुरू झालं आणि आपल्या प्लांटला त्याची गरज पडत नाही. एनक्रिप्शन, म्हणजे बाहेरच्याला बोलणं कळू नये म्हणून लावलेलं कुलूप, हवं असेल तर नुसतं "आहे" एवढ्यावर सोडू नका, कुठलं ते विचारा. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की टेट्रामधल्या टीईए-१ या प्रकारात ८० बिटची किल्ली म्हणतात पण आत ती ३२ बिटांवर आणलेली आहे, म्हणजे साध्या कॉम्प्युटरने फुटते.

परवान्याशिवाय यातलं काहीही करू नका. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून आपल्याकडे सेट नुसता जवळ बाळगायला पण परवाना लागत आलाय, फ्रिक्वेन्सी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या शाखेकडून, मिळते आणि त्याला वेळ लागतो, तो वेळ प्रोजेक्टच्या तारखांमध्ये आधीच धरा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी पॉवरचे सेट परवान्यातून मोकळे आहेत पण ते साधे वॉकी, त्यावर ट्रंकिंग होत नाही. ऑनलाइन दिसणारे स्वस्त सेट त्याच प्रकारात बसतात असं समजू नका, २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावरून ई-कॉमर्सवाल्यांना नोटिसा दिल्यात.

हँडओव्हरच्या दिवशी डीलर कंट्रोल रूममध्ये एसीत बसवून डेमो देईल, चहा-बिस्किटं येतील, सगळं मस्त वाजेल. तुम्ही एक सेट घेऊन पंप हाऊसच्या तळघरात जा, एक माणूस कंपाउंडच्या पार टोकाला पाठवा आणि एकाला सांगा मुख्य लाइन काढून टाक. मग तळघरातून बटन दाबा, बीप येतोय का बघा, आणि आला तर बोला "नका सोडू गाडी". पलीकडे तिन्ही शब्द पोचले तरच सही करा.